तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीत आधी स्पीकर की आधी अ‍ॅम्प?

गाडीचं दार स्वतः उघडून आत हात घालणारा हौशी माणूस अशी माझी ख्याती झाल्यापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या मांडवात, कधी दवाखान्यात नंबर लावून बसलो असतानाही : ‘कंपनीचा आवाज अगदीच फुसका आहे हो. आधी स्पीकर बदलू की आधी अ‍ॅम्प्लिफायर लावू?’ विचारणाऱ्याने बहुतेक वेळा कुठल्यातरी दुकानात ‘५०० वॉट’ छापलेला खोका हातात घेऊन पाहिलेला असतो. त्याला माझ्याकडून फक्त ‘हो, घ्या’ हवं असतं.

माझं उत्तर : आधी दार.

यावर समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे स्पीकर दोन्ही बाजूंनी वाजतो, पण उलटसुलट. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की खालचे सूर तिथल्या तिथे संपतात. खात्री करायची असेल तर नवा स्पीकर बसवण्याआधी नुसता हातात धरून वाजवून बघा. बास नावालाही ऐकू येणार नाही. आता गाडीचं दार बघा. बाहेर मिलिमीटरहूनही पातळ पत्रा, आत भोकाभोकांचा दुसरा पत्रा, त्यावर पातळ प्लास्टिक आणि सगळ्यावर ट्रिम, म्हणजे आतून दिसणारं आवरण. पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटायला इथे वाटाच वाटा. शिवाय पत्रा स्वतःही थरथरतो. तुमचा महागडा स्पीकर यात बसवणं म्हणजे रिकाम्या डब्यावर मोबाईल ठेवून गाणं लावणं.

यावर उपाय म्हणजे डॅम्पिंग. बाजारात ब्युटाइल रबराची, वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावलेली शीट मिळते. बाहेरच्या पत्र्यावर आतून ती चिकटवायची. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधला मोठा भाग धरला तरी थरथर बरीच कमी होते. आतल्या पत्र्याची मोठी भोकं मात्र नीट बंद करायची, कारण खरा फरक तिथे पडतो. स्वस्तातली डांबरी शीट घेऊ नका. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की ती वितळते आणि वास आठवडाभर जात नाही.

डॅम्पिंग करताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच, आणि ते बाहेर पडायला दाराच्या तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. ती बुजवली तर मुंबई-कोकणाच्या एका पावसाळ्यात दाराचा तळ गंजायला लागतो. आणि आतलं ते प्लास्टिक पाणी अडवण्यासाठी असतं. काही फिटर ते फाडून फेकून देतात. मग जुलैत पायाखालचं कार्पेट ओलं झालं की मालक सनरूफला शिव्या घालतो. स्पीकर मागे-पुढे करायला लागणारी रिंगही एमडीएफची नको, ती पाणी पिऊन फुगते. प्लास्टिकची चालेल, नाहीतर वॉटरप्रूफ प्लायची. आणि रिंग कायमची ठोकण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन बघा, चुंबकाला लागते का ते.

एवढं करून कंपनीचाच जुना स्पीकर परत लावला तरी तबल्याचा डग्गा डग्ग्यासारखा वाजायला लागतो. पुष्कळ जणांचं समाधान इथेच होतं, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आता वॉट. टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’चे (क्षणिक कमाल शक्तीचे) हजारांतले आकडे छापून यायचे, ते आठवत असतील तर या धंद्याची जुनी सवय तुम्हाला ठाऊक आहे. आजच्या हेड युनिटवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमवर, ‘५० वॉट × ४’ लिहिलेलं असतं. हिशेब अगदी सोपा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. हेड युनिटमधली चिप त्याच व्होल्टेजवर चालते. ४ ओहमच्या स्पीकरवर त्यातून न फाटलेला सिग्नल काढला तर कागदावरची कमाल जेमतेम २६ वॉट येते, तीही वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरून. प्रत्यक्षात स्वच्छ आवाज १५ ते २० वॉटपर्यंतच. खोक्यावर बघायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा. अ‍ॅम्पवर ‘सीईए-२००६’ किंवा ‘सीटीए-२००६’ (मोजणीच्या एकाच मानकाची जुनी-नवी नावं) असं लिहिलेलं असेल तर तो आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का विकृती या अटींवर मोजलेला असतो, एवढा तरी भरवसा.

दुसरी गोष्ट, वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो ३ डेसिबलने. लक्ष देऊन ऐकलं तर कळतं, इतकाच तो फरक. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. याउलट ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॉटवर किती मोठा वाजतो, त्याचं माप) स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा घेतला तर तेच ३ डेसिबल अ‍ॅम्पशिवाय पदरात पडतात. अ‍ॅम्प लावायचा नसेल तर स्पीकर निवडताना वॉट सोडा आणि हा आकडा विचारा. दुकानदाराला तो सांगता आला नाही, तर पुढच्या दुकानात जा.

मग अ‍ॅम्प कशाला, असं तुम्ही म्हणाल. मोठ्याने वाजावं म्हणून नाही, न फाटता वाजावं म्हणून. तबल्याची थाप किंवा ताशाची कडकड क्षणभरासाठी सरासरीच्या दहापट शक्ती सहज मागते. १८ वॉटची चिप तिथे हात टेकते आणि लाटेचा शेंडा सपाट कापला जातो. त्याला क्लिपिंग म्हणतात. कानाला ते कर्कश वाटतं, आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, जळतात तेही पुष्कळदा यामुळेच. अ‍ॅम्पच्या आत स्वतःचा पॉवर सप्लाय असतो, तो गाडीचं व्होल्टेज वाढवून घेतो, म्हणून त्याला हा क्षण झेपतो. प्रत्येक चॅनेलला खरे ५० ते ७५ वॉट देणारा चार चॅनेलचा क्लास डी अ‍ॅम्प बहुतेक घरगुती गाड्यांना पुरून उरतो. तो तापतो कमी आणि सीटखाली मावतो.

अ‍ॅम्पवरचा ‘गेन’ हा व्हॉल्यूम नव्हे. हेड युनिटच्या सिग्नलशी अ‍ॅम्पचं माप जुळवायचा तो स्क्रू आहे. तो पूर्ण फिरवून ‘बघा साहेब, आता कसा वाजतो’ म्हणणाऱ्या फिटरच्या हातातून स्क्रूड्रायव्हर हळूच काढून घ्यावा.

वायरिंगबद्दल मी जरा कडक आहे, कारण इथे आवाज नाही तर गाडी पेटण्याचा प्रश्न आहे. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड वायरवर फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. अ‍ॅम्पजवळ लावलेला फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो, मधल्या वायरला नाही. ती वायर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवा, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. बाजारातल्या पुष्कळ ‘अ‍ॅम्प किट’मध्ये वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली वायर असते. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत तिचा रेझिस्टन्स साधारण दीडपट. पूर्ण तांब्याची मागा, आणि टोक खरवडून आतला रंग बघा. अर्थिंगची वायर आखूड हवी आणि रंग घासून काढलेल्या कोऱ्या पत्र्यावर बोल्टने घट्ट हवी.

मागच्या दारांचे स्पीकर? राहू द्या जुनेच. पुढे बसणाऱ्याला त्यांचा उपयोग फारसा नाही. तो पैसा पुढच्या जोडीत घाला. बहुतेक हॅचबॅकमध्ये ती साडेसहा इंची असते, आणि ट्वीटर वेगळा असलेला कॉम्पोनंट सेट घेतला तर गाणाऱ्याचा आवाज गुडघ्यापाशी न राहता डॅशबोर्डवर येतो. थारसारखी गाडी असेल, जिच्यात स्पीकर छतात आहेत, तर यातलं निम्मं गणित वेगळं.

सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर, मात्र नको असं मी म्हणणार नाही. पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बास पुरेसा वाटतो आणि एक्स्प्रेस वेवर तोच गायब होतो, कारण टायर आणि रस्त्याची घरघर नेमकी खालच्या सुरांत असते आणि बास तिच्याखाली दबतो. एक छोटा सब लावून दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं काम दिलंच नाही, तर तेही मोकळे होतात. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर सीटखाली बसणारा आठ इंची अ‍ॅक्टिव्ह (स्वतःचा अ‍ॅम्प आत असलेला) सब बघा.

हल्लीच्या गाड्यांत आणखी एक अडचण असते. स्क्रीन काढताच येत नाही, कारण रिव्हर्स कॅमेऱ्यापासून गाडीच्या सेटिंगपर्यंत सगळं तिच्यात. काढूही नका. स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेणारे, हाय-लेव्हल इनपुटचे अ‍ॅम्प मिळतात, आणि गाडीप्रमाणे कपलर, म्हणजे जोडणीचे प्लगही मिळतात, म्हणजे कंपनीची वायर कापावी लागत नाही. वॉरंटीचं भांडण टाळायचं असेल तर हा मुद्दा सोडू नका. कित्येक स्क्रीन आवाज वाढवत नेला की गुपचूप बास कमी करतात. तिथे डीएसपी (सिग्नलवर हिशेब करून तो सुधारणारी चिप) असलेला अ‍ॅम्प कामाला येतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे डावा स्पीकर त्याच्या कानापासून अर्धा मीटर तरी जास्त लांब. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे हा फरक दीड मिलिसेकंदाचा. उजवा स्पीकर डीएसपीने तेवढा उशिरा वाजवला की गायक उजव्या दारातून उठून समोर मधोमध येऊन बसतो. शेजारच्या सीटवरच्या माणसाचं काय? त्याचं बिघडतं. आमच्या घरी यावरून बोलणी खावी लागतात, म्हणून मी दोन सेटिंग ठेवली आहेत.

गाडी ताब्यात घेताना इंजिन चालू करा, एसीचा पंखा पूर्ण लावा, हेडलाइट लावा, गाणं बंद ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबा. स्पीकरमधून इंजिनाबरोबर चढणारी बारीक शिट्टी आली तर अर्थिंग ढिलं आहे किंवा सिग्नलची वायर पॉवरच्या वायरला चिकटून आणली आहे. दोन्ही गोष्टी तिथल्या तिथे दुरुस्त होतात. चारही काचा वरखाली करून बघा, दाराच्या तळाची भोकं बोटाने चाचपा. पैसे त्यानंतर द्या.