शॉडी

उन्हात टाकलेलं स्वस्तातलं राखाडी ब्लँकेट घडी करून आत आणलं, की सदऱ्यावर त्याची लव उतरते. त्याचा एक धागा ओढून पीळ उलगडून बघावा. तंतू आखूड, आणि राखाडीत कुठे लाल, कुठे बाटलीहिरवा. कुणाचा तरी स्वेटर, कुणाचा तरी कोट. या मालाचं नाव शॉडी. कंत्राटदाराच्या भिकार प्लॅस्टरला आपण इंग्रजीत म्हणतो, तेच.

इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या बॅटली गावात १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ यानं जुन्या लोकरी चिंध्या फाडून पुन्हा कातायला घेतल्या. आधी बटणं, अस्तर, शिवणी कापायच्या. मग रंगवार ढीग, म्हणजे रंगाईचा खर्च वाचतो. चिंध्यांना तेलाचा हात द्यायचा आणि दातेरी रुळाच्या यंत्रात सोडायच्या. तेल कमी पडलं, की तंतू तुटून धूळच फार. कामगार यंत्राला ‘डेव्हिल’ म्हणत आणि धुळीला सैतानाची धूळ. शिवणीचा सुती दोरा राहिला तर तो लोकरीचा रंग धरत नाही. म्हणून आम्लात बुडवून तापवायचं, सूत जळून झडतं, लोकर टिकते. मऊ विणीच्या कपड्यांची ती शॉडी. शिंप्याकडच्या घट्ट कापडाची मंगो, तिचा तंतू आणखी तोकडा. आखूड तंतू नुसत्या पिळावर तग धरत नाही, म्हणून नवी लोकर मिसळायची. सगळी मेख त्या मिसळण्यात.

शॉडी हे नाव बहुधा ‘शेड’वरून, म्हणजे पिंजताना गळलेलं. मंगोबद्दल सांगतात, की माल खपेना तेव्हा मालक गरजला, ‘इट मन् गो’, गेलाच पाहिजे! दंतकथाच असावी, पण ठसका यॉर्कशरचा.

शब्द बाटला तो अमेरिकेत. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, गणवेशांची घाई झाली आणि ठेकेदारांनी चांगल्या कापडाच्या भावात शॉडी खपवली. पावसात कोट शिपायांच्या अंगावरच विरले. त्या पैशावर गब्बर झालेल्यांनाही लोक मग शॉडीच म्हणू लागले. यॉर्कशरात मात्र वाया गेलेली शॉडी रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या एका भाजीच्या, शेतात पडत होती. लोकरीतलं नत्र सावकाश सुटतं, खत दमाचं.

आज या मालाची मोठी पेठ पानिपत. परदेशातले जुने कपडे तिथे चिरूनच येतात, कुणी अंगावर घालायला विकू नयेत म्हणून. मराठीत ‘पानिपत’ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तिथे मात्र ‘शॉडी’ हा निव्वळ धाग्याचा प्रकार, भाव विचारायचा शब्द. अलीकडे पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांनी तोही धंदा मागे रेटलाय. ती मऊ असतात, हे कबूल.