अंगणातला घास

नाशिकला पाथर्डी फाट्याकडे रो-हाऊस घेतलं की गेटवरच्या नेमप्लेटपाठोपाठ मेक्सिकन लॉन येतंच. हे लॉन म्हणजे घरजावई. रोज पाणी, वेळेवर युरिया, ठरल्या दिवशी हजामत. एवढं करून मे महिन्यात तोंड पिवळं ते पिवळंच. गंगापूर धरणाच्या पाण्यात कपात झाली तरी याचा पाइप चालू.

म्हणून यंदा थंडीच्या तोंडाला एका पट्ट्यात पांढरं क्लोव्हर पेरलं. ठेंगणं, तीन पानांचं, कापणीची फारशी कटकट नाही. फुलांवर मधमाश्या येतात, त्यामुळे अनवाणी फिरणाऱ्यानं जरा खाली बघावं, इतकंच.

पिंपळगावचे मामा आले. द्राक्षवाले. बघून म्हणाले, "काय रे, गाय बांधतोस का आता?" तसं त्यांचं चूक नव्हतं. जनावरांना घालतात ते बरसीम याचंच भावंड, दोघांचा वंश ट्रायफोलियम. मग त्यांनी एक रोप उपटलं, मुळावरची बारीक गाठ नखानं फोडली आणि आतला गुलाबी रंग मला दाखवला. "चालू आहे कारखाना." त्या गाठीत रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र धरतात, गाठ आतून गुलाबी असली म्हणजे काम सुरू आहे. युरियाची गोणी लागत नाही ती यामुळे.

मला मात्र गंमत वाटते ती क्लोव्हरच्या बदनामीची. अमेरिकेत एके काळी लॉनच्या बियाण्यात ते मुद्दाम मिसळत. १९४०च्या दशकात २,४-डी हे तणनाशक आलं. ते गवताला सोडतं आणि रुंद पानांना मारतं. त्यात क्लोव्हरही मेलं. औषध त्याला वाचवू शकत नव्हतं, मग क्लोव्हरच तणांच्या यादीत गेलं! मामांना हे सांगितलं, तर ते २,४-डीच्या नावानंच भडकले. शेजारच्या उसावर ते मारलं आणि वारा फिरला की द्राक्षाची पानं पंख्यासारखी आकसतात, हे त्यांनी भोगलेलं. पण हेच मामा बागेतल्या हरळीचे हाडवैरी. भाद्रपदात मामी त्याच हरळीच्या, म्हणजे दूर्वांच्या, जुड्या बांधते, आणि नर्सरीवाला तिलाच बर्म्युडा लॉन म्हणून विकतो. आपण तिघांनाही मान देतो.

आता खरं सांगायचं तर पांढरं क्लोव्हर थंड हवेचं. डिसेंबरात निफाडकडून गारठा येतो तेव्हा ते खुशीत असतं. एप्रिल-मेत पारा चाळिशीकडे सरकला की सावलीतलं कदाचित तगेल, उन्हातलं करपणार. बारमाही हिरवळीचा हट्ट असेल त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. माझा तो हट्ट नाही. करपायच्या आधीच जागेवर गाडून टाक, असं मामा सांगून गेलेत; पावसाळ्यात तिथे झेंडू लावेन.

आंबुशी मात्र कुणी न पेरता कडेनं फुटलीच आहे. तिलाही तीनच पानं. शेजारच्या काकू तिलाच क्लोव्हर समजून कौतुक करतात, आणि त्यांची नातवंडं ती आंबट पानं खुशाल चघळतात.