बांबूवर टांगलेला अननस

नाशिकमध्ये बुधवारी सकाळी कोणी ‘गंगेवर जाऊन येते’ असे म्हणाले, तर ती व्यक्ती स्नानाला निघाली आहे की भाजीला, हे तिच्या हातातल्या पिशवीवरून ओळखावे लागते. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मी वीसेक वर्षे भाजी घेत आले आहे. म्हणून मागच्या डिसेंबरात नणंदेबरोबर दक्षिण व्हिएतनामला जायचे ठरले, तेव्हा मंदिरे आणि संग्रहालये तिने निवडली आणि बाजार मी. नदीकाठी भरणारा बाजार मला ठाऊक होता. प्रत्यक्ष पाण्यावर भरणारा बाजार चालतो कसा, हे पाहायचे होते.

मेकाँग नदी समुद्राला मिळण्यापूर्वी इतक्या फाट्यांत विभागली जाते, की तेथील लोक तिला ‘नऊ ड्रॅगन’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्या त्रिभुज प्रदेशातले सर्वांत मोठे शहर कान थो, आणि तेथून नदीमार्गे सुमारे 6 किलोमीटरवर ‘काय रांग’ नावाचा तरंगता बाजार. पहाटे पाचच्या सुमारास धक्क्यावरून निघालो तेव्हा अंधार होता. उजाडू लागले तशा समोर मोठ्या लाकडी होड्या दिसू लागल्या. प्रत्येकीच्या नाळेवर लाल रंगात डोळे काढलेले होते, आणि प्रत्येकीवर एक उंच बांबू उभा होता. एका बांबूच्या टोकाला अननस लटकत होता, दुसऱ्याच्या टोकाला भोपळा, तिसऱ्यावर कोबी आणि रताळी एकत्र.

या बांबूला ते ‘बेओ’चा बांबू म्हणतात. इंजिनांच्या आवाजात ओरडून माल विकणे शक्य नाही, दुरून होडीच्या पोटातला माल दिसत नाही, तेव्हा जे विकायचे त्याचा नमुना उंच टांगायचा, इतका साधा हा व्यवहार आहे. परंतु या नियमाला असलेले अपवाद आमच्या नावाड्याने कोड्यासारखे घातले. टांगलेले असते पण विकायचे नसते, ते काय? वाळत घातलेले कपडे. विकायचे असते पण टांगलेले नसते, ते काय? शेवयांचे गरम सूप आणि कॉफी, कारण ती बांबूला बांधणार कशी! आणि टांगलेले एक, विकायचे दुसरेच, असे काय? बांबूवर माडाच्या झावळीचा तुकडा दिसला, तर ती होडीच विकाऊ आहे असे समजायचे. छपराला शाकारण्याची झावळी टांगली म्हणजे घर विकायला काढले, हा त्यामागचा संकेत. हे उत्तर ऐकून नणंद बराच वेळ झावळी शोधत राहिली; आम्हांला ती कुठेच दिसली नाही.

हा घाऊक बाजार आहे, ही गोष्ट छायाचित्रांतून कधी कळत नाही. मोठी होडी दूरच्या जिल्ह्यातून एकाच पिकाने भरून येते आणि माल संपेपर्यंत, कधी कधी कित्येक दिवस, तेथेच नांगर टाकून राहते. संसार होडीवरच असतो. फुलझाडांच्या कुंड्या, कुत्रा, दूरचित्रवाणी संच, सारे काही. लहान होड्यांतले किरकोळ विक्रेते तिला येऊन भिडतात, माल घेतात आणि कालव्यांतून गावोगाव विकत फिरतात. म्हणजे पंचवटीतल्या बाजार समितीत पहाटे जे घडते तेच येथे पाण्यावर घडते, फक्त टेम्पोच्या जागी होडी असते. कलिंगडे एका होडीतून दुसरीत फेकून झेलली जात होती. मोजणी ‘चुक’वर चालते. चुक म्हणजे दहा. परंतु दक्षिणेत फळांचा चुक 12चा असू शकतो, 14चा किंवा 16चाही असू शकतो, आणि कोणत्या गावात कोणत्या फळाचा कितीचा, हे घेणाऱ्याला माहीत असावे लागते. आपल्या कानाला तो शब्द ‘चूक’ असा ऐकू येतो, आणि हिशेबही पहिल्यांदा तसाच वाटतो.

मला मात्र तेथे एक गोष्ट खटकली, आणि तिच्यात माझाही वाटा होता. व्यापाऱ्यांच्या होड्यांपेक्षा आमच्यासारख्यांच्या होड्या अधिक होत्या. रस्ते झाले, 2010 मध्ये कान थोचा मोठा पूल खुला झाला, बागांमधला माल ट्रकने थेट गोदामात जाऊ लागला, आणि पूर्वी अपरिहार्य असलेली होडी अनेकांना परवडेनाशी झाली. काय रांगला 2016 मध्ये राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. तो मिळाला ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्या बाजाराला वारसा म्हणावे लागते, त्याला गिऱ्हाइकाची गरज अधिक असते, असे मला राहून राहून वाटले. बाजार पाण्यावर भरला तो शोभेसाठी नव्हे, तर माल पाण्यावरून येत होता म्हणून. माल रस्त्यावर चढला, तसा बाजारही चढू लागला.

हो ची मिन्ह शहरातल्या बेन थान्ह बाजाराविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण तेथे मन रमले नाही. घड्याळाच्या मनोऱ्याची ती इमारत 1914 मध्ये खुली झाली. आज आत शिरताच चार बाजूंनी हाका येतात आणि पहिला भाव इतका चढा सांगतात, की घासाघीस करण्याचाही कंटाळा येतो. त्याच्या नावात मात्र एक नदी दडलेली आहे. ‘बेन’ म्हणजे धक्का आणि ‘थान्ह’ म्हणजे किल्ला. मूळचा बाजार किल्ल्याजवळच्या नदीकाठावर होता.

त्याउलट बिन्ह तायमध्ये आमची अर्धी दुपार गेली. हा बाजार शहराच्या ज्या भागात आहे त्याचे नाव ‘चो लन’, म्हणजे शब्दशः ‘मोठा बाजार’. क्वाच डाम नावाच्या चिनी व्यापाऱ्याने तो 1920च्या दशकाच्या अखेरीस उभारला. भंगार गोळा करण्यापासून त्याने सुरुवात केली, असे सांगतात. मधल्या मोकळ्या चौकात त्याचे स्मारक आहे. सुकी कोळंबी, वाळवलेली कमळबीजे, मसाले आणि प्लास्टिकच्या चपला यांचे ढीग छतापर्यंत रचलेले होते. आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, कारण डझनाने चपला घेणारी गिऱ्हाइके आम्ही नव्हतो. भांडीबाजारात घाऊक खरेदीच्या वेळी किरकोळ गिऱ्हाइकाची जी गत होते तीच ती, आणि मला ती फार आवडली.

परंतु खरी ओळख पटली ती एका गल्लीतल्या ‘चो चोम होम’मध्ये, म्हणजे उकिडवे बसून विकणाऱ्यांच्या बाजारात. किसलेले केळफूल, नाळीची भाजी, परातीत उसळ्या मारणारे जिवंत मासे (नणंद येथून लगबगीने पुढे गेली), आणि एका बाईपुढे पालेभाज्यांच्या जुड्या. मी भाव विचारला आणि न घेताच वळणार, तेवढ्यात आमच्या वाटाड्या मुलीने मला हळूच थांबवले. सकाळचे पहिले गिऱ्हाईक ‘मो हांग’ करते, म्हणजे दुकान उघडते. त्याने भाव करून काही न घेता जाणे फार अशुभ मानतात, आणि मग विक्रेते कागद पेटवून तो अपशकुन घालवतात. मला हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. ‘ताई, भवानीची वेळ आहे, परत जाऊ नका,’ हे वाक्य मी घाटावर किती वेळा ऐकले आहे! मी निमूटपणे दोन जुड्या घेतल्या. त्या बाईने वर कांद्याच्या पातीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या फुकट टाकल्या. हॉटेलात राहणाऱ्या दोन बायका त्यांचे काय करणार, हा प्रश्न ना तिला पडला, ना मला.

परतल्यावर पहिल्याच बुधवारी मी घाटावरच्या आमच्या नेहमीच्या मावशींना मोबाइलवर काय रांगचे फोटो दाखवले. डोळे काढलेल्या होड्या त्यांनी भराभर पुढे सारल्या आणि बांबूवरच्या अननसापाशी थांबल्या.

‘काय भाव होता?’

मी होडीवर सोलून, दांड्याला धरून खायला दिलेल्या एका अननसाचे किती डोंग मोजले आणि त्याचे रुपये किती झाले, ते सांगितले. मावशींनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, ‘ताई, तिथे मला घेऊन जायला हवे होते.’