आम्ही गलाईवाले, आणि गावाला परत येणं

आमच्या भागात बाहेर राहणारा माणूस गावात दिसला की दोनच प्रश्न विचारतात, कधी आला आणि कधी जाणार. मला अजून विचारतात. मी मे २०२० ला आलोय, परवा विट्याच्या बाजारात वडिलांच्या ओळखीचे एक अण्णा भेटले, पिशवी खाली ठेवून म्हणाले, "काय रं, कधी आलास?" मी म्हटलं अण्णा मी इथंच असतो आता. तर म्हणाले, "बरं बरं, मग कधी जाणार?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग म्हणजे खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगावचा काही भाग, आणि शेजारी साताऱ्यातले माण-खटाव, इथली हजारो घरं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीयत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. केरळ, तमिळनाडू, यूपी, बंगाल, कुठल्याही सराफ पेठेत मागच्या बोळात जा, एखादं छोटं भट्टीचं दुकान सापडेल आणि आतला माणूस बऱ्याचदा आमच्याकडचा निघेल.

याला कारण पाणी, म्हणजे नसलेलं पाणी. एकाच जिल्ह्यात वाळवा, पलूस, मिरज कृष्णेच्या काठावर, ऊस, कारखाने, आणि आम्ही घाटमाथ्यावरचे पावसाकडं बघत बसणारे. वडील सांगायचे, बाहत्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, आणि १९७४ ला आजोबांनी त्यांना मामाबरोबर कोइंबतूरला पाठवलं. वय पंधरा. मिरजेहून बंगळुरू आणि तिथनं पुढं. तीन वर्षं मामाच्या दुकानात फक्त जेवण, कपडे आणि दिवाळीला गावी यायचं भाडं, मग हळूहळू भागीत, मग स्वतःचं दुकान. नंतर वडिलांनी चुलत भावाला नेलं, त्यानं मेव्हण्याला नेलं. लोक म्हणतात पैशासाठी गेले, खरं आहे, पण पैसा तर मुंबईतही होता, आमचे लोक गिरणीत न जाता कोइंबतूरला का गेले याचं उत्तर एवढंच की तिथं मामा होता.

मी स्वतः १९९९ ला बारावी करून गेलो. काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं सोन्याचं काम म्हणजे चकचकीत काहीतरी असेल. जुन्या दागिन्यात तिप्पट चांदी घालून मुशीत वितळवायचं, बारीक करून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं, चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाला राहते ती चॉकलेटी पूड, हातात घेतली तर कुणी म्हणणार नाही हे सोनं आहे म्हणून. ती धुवायची, टाकणखार टाकून परत मुशीत घालायची, आणि मग भट्टीत बघता बघता पिवळा गोळा तयार होतो. उरलेल्या ॲसिडच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी खाली बसते, तीही परत मिळते. तो तांबूस धूर नाकातोंडात जातो, आणि ॲसिडनं कातडी पिवळी पडते. वडिलांची उजव्या हाताची तीन बोटं कायम पिवळी असायची. लहानपणी मला वाटायचं सोन्यात हात घालतात म्हणून पिवळी असतील, आणि मी शाळेत तसं सांगायचोही.

धंद्यात भीतीपण होती. चोरीचं सोनं तुमच्याकडं आलंय म्हणून कुठलेतरी पोलीस रात्री दारात यायचे, आम्हाला ना भाषा धड येते ना वकील माहीत. वडिलांना एकदा चार दिवस बसवून ठेवलं होतं, सुटून आले आणि जेवायला बसले, त्याविषयी कधी एक शब्द बोलले नाहीत. नंतर २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा, मोठ्या रिफायनऱ्या, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढायची मशिनं, यानं छोट्या भट्टीवाल्याचं काम कमी कमी होत गेलं. लहान भाऊ अजून टिकून आहे, कसा ते त्यालाच माहीत.

लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही सगळे तिथंच. दीड महिना भट्टी बंद, मग ई-पास काढून पाच घरांनी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर केली, हजारभर किलोमीटर, कोगनोळीला कर्नाटक-महाराष्ट्र बॉर्डरवर सात तास उभे, पोरं रडतायत. गावात आलो तर चौदा दिवस शाळेत ठेवलं. ज्या देवळाच्या कळसाला आम्ही वर्गणी दिली होती त्याच्यासमोरनं जाताना लोक दारं लावून घेत होते. तेव्हा लई लागलं मनाला. आता समजतो की तेही घाबरलेले होते, पण लागलं ते लागलंच.

मग मी परत का गेलो नाही? तर पाणी आलं होतं. नव्वदच्या दशकात सुरू झालेली टेंभू योजना, कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं आमच्याकडं आणायचं. नागनाथअण्णा नायकवडी म्हणजे वाळव्याचा माणूस, ज्याच्या गावाला कृष्णा लागूनच आहे, त्यांनी आटपाडीत येऊन आमच्यासाठी पाणी परिषदा घेतल्या, हे आमच्या भागातल्या प्रत्येक पोराला माहीत पाहिजे असं मला वाटतं. ज्या ओढ्यात आम्ही फक्त वाळू बघितली त्यात पावसाळा नसताना पाणी वाहताना बघितलं तेव्हा आई काठावर जाऊन हळदीकुंकू वाहून आली. मी दीड एकर डाळिंब लावलं. तेल्या रोगाची भीती कायम, दर वर-खाली, पण माझ्या मुळांना माझं पाणी जातंय हे रोज सकाळी ड्रिपच्या नळीपाशी उभं राहून बघतो आणि बरं वाटतं.

पण हे सगळं माझं झालं. बायकोचं काय, हे मी फार उशिरा विचारलं. आपल्याकडं राज्याबाहेर जाणं म्हटलं की पुरुषच डोळ्यासमोर येतो, २०११ च्या जनगणनेत ४५ कोटींच्या वर लोक घर सोडून दुसरीकडं राहणारे निघाले, त्यात बहुतेक बायका आणि कारण लग्न. म्हणजे सगळ्यात जास्त स्थलांतर बायकाच करतात आणि त्याला कुणी स्थलांतर म्हणतच नाही. माझी बायको लग्नानंतर आठ महिने या गावात राहिली आणि मग अकरा-बारा वर्षं कोइंबतूरला. तमिळ माझ्यापेक्षा छान बोलते, रेशनवाल्याशी भांडायची, शेजारच्या अक्कांबरोबर पहाटे दारात कोलम म्हणजे तिकडची रांगोळी काढायची, एकटी बसनं पोरांना दवाखान्यात न्यायची. तिथं तिला कुणाची सून म्हणून कुणी ओळखत नव्हतं. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात चुलतीनं डोक्यावरच्या पदरावरनं बोलून दाखवलं. मी म्हणत होतो "आपण घरी आलो", तर ती एकदा रात्री भांडी घासताना शांतपणे म्हणाली, "तुम्ही घरी आलाय. मी नांदायला आलीय, परत एकदा."

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पोरगा नऊ वर्षांचा होता. मराठी बोलायचा पण अक्षरओळख शून्य, तिकडं तमिळ आणि इंग्रजी. झेडपीच्या शाळेत घातला, पहिल्या वहीत त्यानं "घर"चं "गर" लिहिलं होतं आणि "भाकरी"ची "बाकरी". तमिळमध्ये घ, भ असली अक्षरंच नाहीत, त्याच्या कानालाच ती नवीन होती. बाईंनी रागवायच्या ऐवजी तोंडापुढं कागदाचा तुकडा धरून शिकवलं, घ म्हटला की कागद हलला पाहिजे. ळ मात्र त्याचा वर्गात सगळ्यात भारी. आता बरोबर लिहितो, आणि तमिळ विसरायला लागलाय, बहिणीला तर आठवतच नाही, याचं मला वाईट वाटतं, वडिलांनी पन्नास वर्षांत कमावलेली भाषा आमच्या घरातनं पाच वर्षांत चालली.

आमच्या आळीत अकरा बंगले आहेत, सात बंद. जत्रेला उघडतात, टीएन, केएल, यूपी पासिंगच्या गाड्या लागतात, चार दिवस दिवाळी, मग परत कुलूप आणि ओसरीवर एखादी म्हातारी. पाणी आलं तरी ते लोक आले नाहीत. कारण त्यांच्या पोरांची शाळा, उधारी, गिऱ्हाईक सगळं तिकडं आहे, आणि इथं आल्यावर करायला काय आहे, शेत भावानं कसलेलं. त्याच वेळी विट्याच्या यंत्रमागावर यूपी-बिहारची पोरं काम करतायत, एका खोलीत आठ-आठ जण. त्यांच्याशी मी हिंदीत बोलतो, घरी कधी जाणार विचारतो, आणि विचारल्यावर लक्षात येतं की हा तर तोच प्रश्न.

वडील मागच्या वर्षी गेले, कोइंबतूरलाच. यायचं यायचं म्हणत राहिले, खोलीत नवा पलंगपण आणून ठेवलेला. शेवटच्या दिवसांत फोनवर फक्त विचारायचे, टेंभूचं आवर्तन सुटलं का.

आता दुकानाचा भाडेकरार मार्चमध्ये संपतोय. भाऊ म्हणतो एकट्याच्यानं होत नाही, तू ये नाहीतर बंद करू. बायकोला विचारलं, या वेळेस आधी विचारलं. ती म्हणाली पोराची दहावी होऊ दे, मग मी सांगते. भावाला मी जत्रेपर्यंतची मुदत मागितलीय.