वही कुणाला दिसलीच नाही

रात्रीचे पावणेअकरा. लाइट आत्ताच आली.

ताईचा फोन आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. एवढंच म्हणाली, "डीव्हीडी मस्त झाली रे. पण आत्याची गाण्यांची वही काहून नाही टाकली?"

टाकली आहे. सगळी 43 पानं टाकली आहेत. पण तोंडातून शब्दच फुटला नाही. "पाहतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

कोजागिरीला अंगणात ज्वारीच्या धांड्यांचा मखर केला होता, त्यात भुलोबा-भुलाबाईच्या मूर्ती. पोरींनी गाणी म्हटली, माय मधेमधे शब्द सुचवत होती. त्या रात्रीचंच शूटिंग. आत्याच्या वहीचे फोटो मात्र व्हिडिओत घातले नाहीत, ते मुद्दामच. डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं. त्यात अख्खं पान बसवलं की आत्याचं बारीक अक्षर फिसकटतं. मूळ फोटो फाइल म्हणून ठेवला तर पाहिजे तेवढा मोठा करून वाचता येतो. व्हिडिओ 3.6 जीबी झाला होता. डिस्कवर 4.7 लिहिलेलं असलं तरी कम्प्युटर 4.37 च दाखवतो. उरलेल्या जागेत वही आणि मोबाइलवर घेतलेला आत्याचा आवाज, दोन्ही बसले. आर्वीहून कोऱ्या डिस्क आणल्या. पहिलीत चूक झाली, वहीचं फोल्डर व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरच्या आतच टाकलं. तिथे फक्त व्हिडिओच्या फाइली असाव्या लागतात, बाकीचं त्याच्या बाहेर, शेजारी. दुसरीत बरोबर जमलं. मग सावकाश, 4 एक्सच्या वेगावर, 6 डिस्क केल्या. घरोघरी स्वतः नेऊन दिल्या.

आणि कुणालाच वही दिसली नाही. सहा घरांत एकालाही नाही.

दिसणार कशी? टीव्हीखालचा प्लेअर व्हिडिओ_टीएस शोधतो, तेवढंच वाजवतो. शेजारच्या फोल्डरकडे तो पाहतही नाही. ते फक्त कम्प्युटरवर उघडतं. हे मला माहीत होतं. माहीत होतं, तरी कव्हरवर एक ओळ लिहिली नाही. आत्याचा आवाज लोकांच्या घरात पोचवला आणि तिथेच दडवून ठेवला. रात्र रात्र बसलो त्याचं काही नाही, पण कुणी विचारूही नये? मावशीने तर दोनदा पाहिली म्हणे. आत्या असती तर... जाऊ दे.

दोष तरी कुणाला देऊ. त्यांनी जे दिसलं ते पाहिलं, मनापासून पाहिलं. खिरापतीचा डबा बंद असतो, पण पोरी तो कानाशी हलवतात. खडखड वाजला की फुटाणे, नाही वाजला की लाडू. आत काहीतरी आहे एवढं तरी कळतं. माझ्या डब्याचा आवाजच नव्हता.

आता त्याच डिस्कवर काही वाढवता येत नाही. प्लेअरवर चालावी म्हणून ती बंद करावी लागते, आणि डीव्हीडी-आर एकदा बंद झाली की झाली. नवी करीन. आत्याच्या आवाजाला तिचा फोटो लावून तो व्हिडिओतच घेईन, मेनूत वेगळं बटण देईन, म्हणजे मायला रिमोटवरून लावता येईल. वहीचं एकेक पान अर्धं-अर्धं करून दाखवीन. मूळ फोटो बाजूला राहतीलच, आणि या वेळी कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहीन.

मघाशी ताईला परत फोन लावला. "वही आहे वं. तुझ्याकडच्याच डिस्कवर आहे. आत्याचा आवाज पण."

ती बराच वेळ बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "पोरीच्या शाळेतल्या कम्प्युटरवर लागन का?"