उचल न घेतलेला हंगाम

‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळू लागल्यावर बायकांची मजुरी कमी होते का, आणि त्यांचं बरं चाललंय का, हे मोजायला आम्ही जालना जिल्ह्यातल्या एका गावात होतो. कापूस वेचणीचे दिवस. योजना जुलै २०२४ पासूनची, म्हणून आदल्या हंगामाशी यंदाची तुलना करायची होती. ही तुलना कच्ची असते. फिनलंडने २०१७-१८मध्ये २,००० बेरोजगार सोडतीने निवडून त्यांना महिना ५६० युरो दिले, त्यामुळे उरलेल्या बेरोजगारांशी ताडून बघता आलं. कामाचे दिवस थोडेच वाढले, समाधान मात्र स्पष्ट वाढलं. आपल्याकडे पात्र बाईला पैसे मिळणारच, आणि पाऊस नि कापसाचा पेरा दरवर्षी वेगळा.

चाळिशीतल्या एका वहिनींच्या घरी सासूबाईच उत्तरं देत होत्या. “हिला आता कामाचा कंटाळा आलाय.” मी वहिनींना गोठ्याकडे नेऊन विचारलं. वेचणी गेल्या साली अडीच महिने, यंदा दीड. टॅबवर ‘घट’ उमटली. प्रश्नावली तिथून थेट शेळ्या-गाईंकडे वळत होती, पण मला राहवलं नाही. का कमी गेलात?

“गेल्या साली उचल होती ना, ताई.”

पोळ्याच्या सुमारास, हाताला काम नसताना, लेकीच्या दवाखान्यासाठी त्यांनी मुकादमाकडून पैसे उचलले होते. ते वेचणीतून फेडायचे. पहाटे टेम्पोत बसून दुसऱ्या तालुक्यात जायचं, आणि किलोमागे इतरांपेक्षा दोन रुपये कमी घ्यायचे. यंदा पावसाळ्यात किराणा नि औषध खात्यातल्या पैशांत भागलं, उचल घेतलीच नाही. “आता भाव इचारते. परवडलं तर जाते.” त्यांनी बोटांवर हिशेब केला. महिनाभर कमी राबूनही वेचणीचे हातात आलेले पैसे जवळपास तेवढेच, कारण कापून कुणी घेतलं नाही. दहा पायऱ्यांची शिडी दाखवली, सगळ्यात वरची पायरी म्हणजे सगळ्यात बरं आयुष्य; आपण कुठे आहोत ते विचारलं, तर म्हणाल्या, सहावी. गेल्या साली? तिसरी.

मला हे फार महत्त्वाचं वाटलं. या घटीला आळस म्हणणं त्या बाईवर अन्याय आहे.

शेजारच्या घरीही घट महिन्याचीच. पण तिथे एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, उचल यंदाही घेतलेली, आणि कंबर धरल्यामुळे ती फिटलेली नाही. त्या बाईंनी दुसऱ्या पायरीवर बोट ठेवलं, तेही नवरा बाहेर गेल्यावर.

संध्याकाळी दोन्ही नोंदी मी गटप्रमुखांसमोर ठेवल्या. कामाच्या रकान्यात दोघींचा आकडा सारखाच होता. बराच वाद झाला. मधेच प्रश्न वाढवले तर आधीची घरं जुळणार नाहीत, हा त्यांचा मुद्दा खरा होता. शेवटी दोन प्रश्न वाढवायचे ठरले: पावसाळ्यात उचल घेतली का, आणि वेचणीचा भाव कुणी ठरवला. झालेल्या घरांत तेवढ्यासाठी पुन्हा जायचं, आणि बाईला एकटीलाच विचारायचं.