मळवलीला काय काम?

शनिवारी दुपारी मशीन लावायचं म्हणून जीन्सचे खिसे तपासत होते, तर पुढच्या त्या चिमुकल्या खिशातून, जो कशासाठी दिलेला असतो देव जाणे, पुणे ते मळवली रिटर्नचं तिकीट निघालं. मऊ पडलेलं, अर्धी शाई उडालेली. रूममेट शेजारी बसून भेळ खात होती. "ट्रेक केलास का गं?" नाही. "मग लेणी?" तेही नाही. "मग मळवलीला काय काम होतं तुझं?"

काहीच नाही. तेच तर.

तसं मळवलीला सगळं आहे. स्टेशनवरून चालत निघालं की भाजे लेणी, इसवीसनाच्याही दोनेकशे वर्षं आधीची, मोठ्या चैत्यगृहाच्या छताला मूळच्या लाकडी कमानी अजून तशाच आहेत, शाळेच्या सहलीत मान मोडेपर्यंत बघितल्यात. वर विसापूर, त्याच्या बाजूला लोहगड. लोहगडाला 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथली गर्दी त्याच्या कितीतरी आधीपासून जागतिक आहे. मला त्यातलं काही नको असतं. मला पुणे-लोणावळा लोकल हवी असते. मळवली हे फक्त तिकिटावर काहीतरी छापायला लागतं म्हणून.

तर त्याचे काही नियम आहेत. घर कर्वेनगरला, म्हणजे शिवाजीनगर जवळ, पण तिथून चढायचं नाही, कारण गाडी पुणे स्टेशनवरून भरून येते आणि खिडकी गेलेली असते. म्हणून उलटं पुणे स्टेशनला जायचं. रिक्षावाले काका "शिवाजीनगरला सोडतो ना, कशाला एवढं लांब" म्हणतात तेव्हा गप्प बसायचं. जाताना डावीकडचीच खिडकी, कारण विसापूर-लोहगड त्या बाजूला येतात. तिकीट कागदाचंच, ॲपवर नाही. हेडफोन बॅगेत. आणि कुणी सोबत यायचं म्हटलं तर या बापडे, पण "आता पुढे काय प्लॅन" असं विचारायचं नाही.

मेट्रो आली तेव्हा आम्ही सगळे हौसेने चढलो होतो, गारेगार, चकाचक, मला आवडते पण. फक्त तिची खिडकी उघडत नाही, मग खडकी-दापोडीच्या मधे मुळेवरून जाताना पुलाचा तो धडधडाट नुसता ऐकू येत नाही तर दातांत जाणवतो, ते सुख कुठून मिळणार.

लहानपणी आम्ही या लोकलने आत्याकडे तळेगावला जायचो. मे महिन्याची सुट्टी लागली रे लागली की आजी, मी आणि माझा धाकटा भाऊ. आजीच्या पिशवीत दडप्या पोह्यांचा डबा, पाण्याची बाटली, आणि का कुणास ठाऊक पण दरवेळी एक नारळ. खिडकीवरून आमची मारामारी ठरलेली, मग आजीने वाटणी करून दिली होती, पिंपरीपर्यंत तो, पिंपरीनंतर मी. यात माझा फायदा आहे हे भावाला काही वर्षं कळलंच नाही. कासारवाडी, पिंपरी, चिंचवड म्हणजे नुसत्या भिंती आणि कंपन्या, खरी मजा देहूरोडनंतर सुरू व्हायची. बेगडेवाडी, मग घोरावाडी. घोरावाडी आली की आम्ही दोघांनी डोळे मिटून मोठ्ठ्याने घोरायचं, हा आमचा कार्यक्रम, समोरच्या बाकावरची माणसं हसायची आणि आजी "लाजा वाटू द्या रे" म्हणत स्वतःच हसत असायची. मग घाईघाईने पिशव्या गोळा करायच्या कारण पुढचं तळेगाव. आत्या प्लॅटफॉर्मवर उभी. तिला आमचा डबा कुठला ते कधीच माहीत नसायचं, तरी ती बरोब्बर आमच्याच दारासमोर असायची.

करवंदं पण तिथलीच आठवतात. पानांच्या द्रोणात, डबाभर वास.

ही लोकल 1978 ला सुरू झाली म्हणे, म्हणजे माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या बरीच आधी, आणि तिची सगळ्यात पुणेरी गोष्ट ही की बरीच वर्षं भर दुपारी ती नसायचीच. कारण काय तर रुळांची देखभाल वगैरे. मला लहानपणी वाटायचं गाडी पण जेवून झोपते. आता दुपारी एखादी सोडतात म्हणे, पण माझा हिशोब अजून जुनाच, एक तर गॅपच्या आधी परत फिरा नाहीतर निवांत बसा. मी बसते. स्टेशनच्या बाहेर भजी मिळतात, चहा मिळतो, पुलापर्यंत चालत गेलं की इंद्रायणी दिसते, जुलैत फुगलेली आणि मातकट. वाटेत वडगाव-कान्हे-कामशेतला भाताची खाचरं असतात. आपण जो इंद्रायणी तांदूळ खातो तो वडगावच्या भात संशोधन केंद्रातच तयार झालेला, 1987 चा, हे मला समोर बसलेल्या एका काकांनी सांगितलं होतं, न विचारता, आणि मग कामशेत येईस्तोवर तो कसा शिजवायचा तेही.

सोमवारी ऑफिसात सगळे वीकेंडचा रिपोर्ट देतात. कुणी किती किलोमीटर चाललं, किती चढ, घड्याळात हार्टरेट दाखवतात. कुणी नवीन कॅफे केलेला असतो, "केलेला असतो" असंच म्हणतात. माझी पाळी आली की मी मळवली म्हणते, लगेच "अरे वा, लोहगड?" मग मी नुसतं "हं" करते. खरं सांगायला गेलं की लोक काळजीने बघायला लागतात. आई पण. "अगं घरी ये ना मग, इथे पण काही न करता बसता येतं." नाही येत. तिच्या घरी काही न करता बसलेल्या माणसाला पाच मिनिटांत लसूण सोलायला मिळतो.

आत्याचं तळेगावचं घर विकलं. तिथे आता बिल्डिंग आहे, मी बघितली नाही, फोटो बघितला. आत्या मुलाकडे बंगळूरला असते, फोनवर "आता गुडघ्यांनी प्रवास होत नाही बाई" म्हणते आणि मला काय बोलावं सुचत नाही. लोकल तळेगावला थांबते तेव्हा अख्खा डबा रिकामा होतो, शेजारचे विचारतात "उतरायचंय का?" आणि मी पाय आत घेते. इतक्या वेळा गेलेय या गाडीने, तिथे उतरले नाहीये. उतरून जायचं कुणाकडे.

असो. उद्याचा बेत होता, पण आत्ताच बघितलं तर लोणावळा मार्गावर ब्लॉक आहे, सकाळच्या दोन गाड्या रद्द. रूममेट म्हणतेय मग भजी घरीच करू. बेसन आहे, कांदे आणायला लागतील, आणि ते कोण आणणार यावर सध्या चर्चा चालू आहे.